कुलूप लावण्याआधी कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला

शाळांच्या परीक्षा संपत आल्या आहेत. येत्या काही दिवसांत पुण्या-मुंबईतले, नाशिक-नागपुरातले कितीतरी फ्लॅट कुलूपबंद होतील. कुणी गावाला जाईल, कुणी लग्नकार्याला. बंद घरं हेरून कडीकोयंडा तोडणाऱ्यांचाही हंगाम हाच असतो. त्यामुळे चटकन नजरेत न भरणारे छोटे कॅमेरे घरोघरी बसू लागले आहेत. जरूर बसवा. पण सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: चोराला दिसू नये म्हणून कॅमेरा लपवताना आपलं घर परक्यांसमोर उघडं टाकू नका.

फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. तपासणीसाठी आलेल्या स्त्रिया त्यात दिसत होत्या. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेला ‘अ‍ॅडमिन123’ असा पासवर्ड होता, यंत्र नवं असताना असतो तसलाच, कुणीही पहिल्या फटक्यात ओळखावा असा. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या स्त्रियांची काय चूक होती? त्या फक्त डॉक्टरकडे गेल्या होत्या.

आता आपल्या घराचं बघा. कॅमेरा बसवून देणाऱ्याने कोणता पासवर्ड टाकला, हे तुम्हाला माहीत आहे का? पुढे दुरुस्तीला यावं लागलं तर सोपं जावं म्हणून अनेकदा सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच पासवर्ड टाकला जातो. तो आजच बदला, स्वतःच्या हाताने. वायफायच्या राउटरचाही बदला. अ‍ॅपमध्ये कुणाकुणाचे मोबाइल जोडलेले आहेत ते तपासा, अनोळखी नावं काढून टाका आणि कंपनीने पाठवलेलं अपडेट टाळू नका. या कामाला अर्धा तासही लागत नाही.

जागेबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिथे फार चुका होतात. छताला टेकवलेल्या कॅमेऱ्यात चोराची टोपी दिसते, चेहरा नाही. दाराबाहेरचा कॅमेरा डोक्याच्या किंचित वर, बेलच्या किंवा नावाच्या पाटीच्या आसपास असू द्या, आणि तो आपल्या उंबऱ्याकडे व जिन्याकडे वळवा. समोरच्यांचं दार उघडलं की त्यांचा दिवाणखाना दिसत असेल तर तो कोन चुकीचाच. खिडकीच्या काचेमागून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री उपयोगाचा राहत नाही. त्याचा इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परततो आणि चित्र पांढरंफटक पडतं. खरी लपवायची वस्तू वेगळीच आहे: डीव्हीआर. चित्रण साठवणारा तो डबा टीव्हीखाली ठेवला, तर चोर जाताना तोच उचलून नेतात. तो माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवा, हवा खेळती राहील एवढं बघा आणि राउटरसकट इन्व्हर्टरवर जोडा. नाहीतर चोराने मीटरपेटीतला खटका पाडला की सगळंच आंधळं होतं.

चोरापासून लपवलेला कॅमेरा घरात वावरणाऱ्यांपासून मात्र लपवू नका. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या काळजीने परदेशातली मुलं इथे कॅमेरे लावून घेतात. काळजी खरी असते, पण आईला विचारलं होतं का? कामाला येणाऱ्या मावशींना, मुलं सांभाळणाऱ्या ताईंना सांगा, कॅमेरा कुठे आहे ते दाखवा. झोपायच्या खोलीत, न्हाणीघरात, कपडे बदलायच्या जागी तो कोणत्याही कारणाने नकोच. स्त्रीचं खासगी क्षणातलं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची, जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होऊ शकते. एका घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं की, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटण्या न झालेल्या आपल्याकडच्या वाड्यांनी आणि सामाईक घरांनी हे मनावर घ्यावं.

आणि दुर्दैवाने घर फुटलंच, तर आधी 112 ला फोन करा, कपाटांना हात लावू नका. डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं, म्हणून त्या दिवसाची प्रत लगेच वेगळी काढून ठेवा. मूळ डीव्हीआर पुसू नका, विकू नका. त्यातलं घड्याळ बरोबर लावलेलं आहे ना, हे मात्र जाण्याआधीच बघायचं. प्रत न्यायालयात पुरावा म्हणून चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. अशा प्रमाणपत्राचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये धरला तो आपल्या जालन्याच्याच प्रकरणात. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून तो खटला झाला होता. तेव्हा पंचनाम्याच्या वेळीच पोलिसांना या कागदाबद्दल विचारा.

आपलं चित्रण बाहेर गेल्याची शंका आली, तर लाजून गप्प बसू नका. कॅमेऱ्याचं इंटरनेट तोडा, दिसलेल्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी सुट्ट्या लागण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावून हे पासवर्ड बदलून घ्यावेत. ज्येष्ठांना मोबाइल जमत नसेल, तर इमारतीतल्या कॉलेजच्या मुलांनी त्यांच्या शेजारी बसावं, पण नवा पासवर्ड आजी-आजोबांनाच टाकू द्यावा.