हुमणी श्रावणात नाही, वळवात मारा



श्रावण आला की फोन सुरू. "ऊस पिवळा पडलाय, हिसका दिला की बेट हातात येतंय, आळवणीला काय घेऊ?" दुकानदार बाटली देतो, आपण ड्रिपमधून सोडतो, आणि अळी खाली निवांत मुळं खात बसती. तवर ती बोटाएवढी जाड झालेली असती, औषधाला सहजी दाद देत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

मी वहीत नोंद ठेवतो. रोहिणीच्या आसपास वळवाचा चांगला पाऊस झाला की दिवस मावळल्यावर 7-7.30 ला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात. थेट बांधावरच्या लिंबावर, बाभळीवर, बोरीवर. तिथंच नर-मादी जुगतात, पाला खातात, उजाडायच्या आत परत मातीत. सकाळी पानं कुरतडलेली आणि झाडाखाली लेंड्या दिसल्या की ओळखायचं. एक मादी 50-60 अंडी घालती. पिढी वर्षाला एकच. म्हणजे वर्षभर जमिनीत दडलेली कीड हाताला सापडती ती याच थोड्या रात्री. आणि नेमकं तेव्हा आपण घरात. मार्गदर्शनाची शिबिरंही बऱ्याचदा ऊस वाळल्यावरच!

काही शहाणे म्हणतात, लिंबच तोडा. अहो, लिंब तोडला तर भुंगेरा बोरीवर जाईल, अंडी तुमच्याच उसात घालील. ते झाड म्हणजे फुकटचा सापळा हाय. प्रकाश सापळाही लावा, पण अंधार पडल्यावर दोन-तीन तासच. रात्रभर दिवा ठेवून उपयोगाचे किडे कशाला मारायचे?

मेटारायझियम बुरशीला माझा विरोध नाही. पण ती अळी लहान असताना, जमिनीत ओल असताना, कुजलेल्या शेणखतातून द्यायची. कोरड्या रानात टाकून वर नावं ठेवायची नाहीत.

खरी अडचण वेगळीच. टेंभुर्णीच्या आसपास उजनीच्या पाण्यावर उसाला ऊस लागून. मी एकट्यानं झाडं झोडपली तर शेजारचे भुंगेरे माझ्या रानात येणारच. औषधाला एकरी पैसे मोजणारा गडी संध्याकाळचा एक तास द्यायला मात्र तयार नसतो.

यंदा रोहिणीआधी शिवारातली झाडं मोजून वाटून घ्या. पहिला वळीव झाला की त्याच सांजेला बॅटरी, आकडी, खाली ताडपत्री आणि साबणपाण्याची बादली. भुंगेरे कुठल्या तारखेला, कुठल्या झाडावर दिसले तेवढं मला कळवा.