४१ किलोमीटरवरचे जिवाणू कुणाचे?

वैशाखात फुलंब्रीच्या शिवारात वावटळ उठली की माती-पाचोळ्यासोबत डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही वर जातात. ते किती उंच जाऊ शकतात? प्रश्न साधा वाटतो. पण पृथ्वीवरचे जीवन बाहेरून आले का, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्यात अडकले आहे.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या टीआयएफआरच्या केंद्रातून एक महाकाय फुगा सोडण्यात आला. ‘इस्रो’च्या पाठबळावर झालेल्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर. निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून वर पाठवल्या गेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून त्या हवाईछत्रीने खाली आल्या. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि हैदराबादची सीसीएमबी या दोन संस्थांत नमुने स्वतंत्रपणे तपासले गेले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांत तीन जिवाणू विज्ञानाला नवे होते आणि अतिनील किरणांना त्यांच्या पृथ्वीवरच्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद न देणारे होते. त्यांची नावे पडली जॅनिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

पहिले नाव फ्रेड हॉइल यांच्यावरून आले. जीवन अवकाशातून आले, या कल्पनेचे ते खंदे पुरस्कर्ते आणि नारळीकरांचे गुरू. म्हणजे ‘सापडले!’ असे जाहीर करण्याचा मोह इथे सर्वांत मोठा होता. तरीही २००९ मध्ये निष्कर्ष मांडताना हे जिवाणू परग्रहावरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट सांगितले गेले. या प्रयोगाची खरी कमाई हा संयमच आहे.

तो योग्यही ठरला. पुढच्या काळात बॅसिलस आर्यभट्टाय शेतजमिनीत, पिकांच्या मुळांशी सापडत गेला. जिवाणू ‘नवा’ असणे म्हणजे तो ‘बाहेरचा’ असणे नव्हे. आपल्या पायाखालच्या मातीतल्या बहुसंख्य जिवाणूंना अजून नावेच मिळालेली नाहीत.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सेंद्रिय संयुगे अवकाशातून येतात, हे आता पक्के आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्ले मिळाली. २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यांत सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आढळली. पण विटा मिळाल्या म्हणून घर मिळाले असे होत नाही. जिवंत जिवाणूंच्या प्रवासाचा पुरावा अर्धाच आहे. जपानच्या प्रयोगात डायनोकॉकस जिवाणूंचे जाडसर थर अवकाश स्थानकाबाहेर तीन वर्षे तग धरून राहिले. वरचे मेले, त्यांनी आतल्यांना सावली दिली. उलट, युरोपीय प्रयोगात यानाच्या उष्णतारोधक कवचात बसवलेल्या खडकातले जिवाणू वातावरणात शिरताना भाजून गेले. प्रवास जमेल, पण उतरणे कठीण.

आणि पृथ्वीवरचे जिवाणू कुठेही घुसतात. जपानने र्‍युगू लघुग्रहावरून आणलेल्या एका कणावर इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढलेले दिसले. ते इथलेच निघाले.

म्हणूनच हैदराबादचा प्रयोग पुन्हा व्हायला हवा. जिवाणूंच्या पेशींतील कार्बन, नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तर ते इथले की बाहेरचे याचा अधिक ठोस अंदाज येऊ शकतो. फुगे उडवण्याचे कौशल्य आणि तपासणाऱ्या प्रयोगशाळा दोन्ही आपल्याकडे आहेत. ‘बाहेरचे काही नाही’ असे उत्तर आले तरी एवढ्या उंचीवर जीव कसे पोहोचतात आणि कसे टिकतात, हे कळेलच.

२००८ मध्ये याच नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. ज्योतिषांचे दावे नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाहीत. न पटणाऱ्या गोष्टीला कसोटी लावणे सोपे असते. स्वतःच्या आवडत्या कल्पनेलाही तीच कसोटी लावणे, आणि ती अपुरी पडली तर तसे सांगणे, हे विज्ञान. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुन्हा फुग्याला बांधून वर पाठवणे, ही त्यांना खरी आदरांजली ठरेल.