समुद्र हॉलमध्ये मावत नाही

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात हल्ली नवा बंगला बांधला की हॉलमध्ये फिशटँक हवाच. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांच्या कित्येक पिढ्या माणसाच्या टाक्यांतच जन्मल्या. पण आता लोकांचं त्यावर भागत नाही, आता खाऱ्या पाण्याचा टँक हवा! आणि आमच्या गोतावळ्यातला ताजा बेत (नावं घेत नाही, सगळे वाचतायत) असा, की दिवाळीत मालवणला जायचं, स्नॉर्केलिंग करायचं आणि येताना चार रंगीत मासे कॅनमध्ये घालून आणायचे. फुकटात.

या बेताला माझा विरोध आहे. तोंडदेखला नाही, चांगला कडकडून.

आधी कायद्याचं बोलू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा साधारण २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं म्हणजे ताडोबातून हरणाचं पिल्लू डिकीत घालून आणण्यासारखंच. शोभेला म्हणून प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा आणाल तर आणखीच वाईट. त्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मग ते किनाऱ्यावर कुठूनही उचला. तिथल्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. तो वाद मी समजू शकतो. पण ज्या पाण्यात जाळं टाकताना तिथल्या माणसाला धास्ती वाटते, तिथून आपण हौसेखातर मासे पळवायचे? कुठल्या तोंडाने?

बरं, कायदा राहू द्या. मासा जगणार आहे का?

नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणजे मालवणहून आठ-दहा तास हिंदकळत आलेला मासा नव्याकोऱ्या टाकीत सोडलात, तर तो स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ लागतं, तेही स्वयंपाकाचं चालत नाही. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून आरओ. म्हणजे पाणी वाया घालवून पाणी करायचं, आणि आपल्याच तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत! पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वाढवायचं. एप्रिल-मेमध्ये दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि या माशांना पंचवीस-सत्तावीस अंश हवेत. म्हणजे चिलर आला. आणि दुपारी वीज गेली की काय करणार? टाकीला वारा घालणार?

"मग आपण दुकानातून घेऊ," असं उत्तर मला फोनवर मिळालं. अहो, पण दुकानात तो कुठून येतो? गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक थेट समुद्रातून पकडलेले. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थेच्या २००३ च्या अहवालात या व्यापाराचा अंदाज वर्षाला दोन कोटींहून अधिक मासे असा दिला होता. फिलिपिन्स, इंडोनेशियात प्रवाळावर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायची पद्धत तर कुप्रसिद्धच आहे. त्यात मासा हाती लागतो आणि प्रवाळ मरतं.

आणि दुकानातल्या त्या देखण्या फुलपाखरू माशाच्या कित्येक जाती फक्त जिवंत प्रवाळ कुरतडून जगतात. टाकीत कोरडं खाद्य टाकलं तर तो त्याकडे बघतही नाही. रंग तसाच राहतो, पोट आत जातं, आणि एका सकाळी तो तळाशी. घरातले म्हणतात, "मासा लाभला नाही." अरे, लाभला नाही काय! तुम्ही त्याला उपाशी मारलात.

"आपण सुरमई-बांगडे खातोच की," हा दुसरा मुद्दा. खातो, मीही खातो. पण खाण्यासाठी मारलेला मासा पोटात जातो. शोभेसाठी आणलेला महिनाभर आचके देतो, आणि तो गेला की आपण त्याच्या जागी दुसरा आणतो. दोन्हींत फरक आहे. तिसरा मुद्दा, मुलांना निसर्ग कळतो. काय कळतं? मेलेला मासा बदलून मिळतो, एवढंच.

हौस असूच नये असं मी म्हणत नाही. क्लाउनफिश (मुलांचा तो 'निमो') आता टाकीत जन्माला घालता येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय, आणि ऐरोलीला खारफुटी प्रतिष्ठानाच्या केंद्रातही त्याची हॅचरी उभी राहिली आहे. असा मासा बंदिस्त पाण्यालाच सरावलेला, तयार खाद्य खाणारा, नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. तेव्हा दुकानात किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा जन्मला कुठे? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ बाहेर पडा. ज्याला चिलर, आरओ आणि रोजची उस्तवारी झेपत नाही, त्याने गप्पीच पाळावेत. फक्त कंटाळा आला म्हणून टाकीतलं काही भीमेत किंवा घोडनदीत ओतू नये. शोभेसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतोय आणि त्यांची जाळी फाडतोय.

मालवणला मात्र जरूर जा. पाण्यात तोंड घाला, पोटभर बघा, फोटो काढा. आणि ते कॅन आणायचेच असतील तर कोकमाच्या आगळाचे आणा. त्यातला एक इकडे पाठवा, मग भांडायला या.