धरणाची कुवत शिवारात ठरते

काटेपूर्णा प्रकल्पाचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर, वान प्रकल्पाचा ८१.९६ दशलक्ष घनमीटर. पावसाळ्यात धरण किती टक्के भरले याची आपण रोज चौकशी करतो. परंतु ज्या भांड्याची टक्केवारी आपण काढतो, ते भांडेच दरवर्षी लहान होत आहे की काय, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. वऱ्हाडात तरी ही उपेक्षा परवडणारी नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांवरील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते. तेथील गावांना वान धरणावरील ८४ खेडी योजना, काटेपूर्णेवरील खांबोऱ्याची ६४ गावांची योजना यांसारख्या योजनांचाच आधार आहे. अकोला शहराची तहानही काटेपूर्णाच भागविते. धरणात गाळ साचला, तर ओलिताआधी घरातला हंडा रिता होईल.

धरणाची आखणी करताना गाळासाठी तळाशी काही जागा राखलेली असते. तिला मृत साठा म्हणतात. सर्व गाळ तेथे जाऊन बसेल व वरचा साठा अबाधित राहील, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. नदीचे पाणी जलाशयात शिरताच त्याचा वेग मंदावतो, आणि जड रेती मुखाशीच, म्हणजे बव्हंशी उपयुक्त साठ्याच्या जागेत बसते. बारीक चिकणमाती तेवढी भिंतीकडे सरकते. मांजरा नदीवर १९३१ साली पुरे झालेल्या निजामसागराची मूळ साठवण सुमारे ३० अब्ज घनफूट होती. गाळाने ती १८ अब्ज घनफुटांच्या आसपास उतरली. आपली पूर्णा तापीला मिळते, तेथून जवळच हतनूर धरण आहे. त्यातील गाळात पूर्णेने वाहून नेलेल्या काळ्या मातीचा मोठा वाटा आहे.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर शेतातून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर ती माती १० घनमीटर भरते. दहा हजार हेक्टरांच्या पाणलोटातून तोच थर गेला, तर एक लाख घनमीटर. यांपैकी एक तृतीयांश माती जलाशयात पोचली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर मावते असे धरले, तर ती परत आणावयास अकरा हजारांवर खेपा लागतील. आणि शेतातून एक मिलिमीटर माती गेलेली मालकाच्या ध्यानातही येत नाही!

२०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे मोल मी कमी लेखीत नाही. लहान तलावांचा गाळ उन्हाळ्यात काढून हलक्या, मुरमाड रानात पसरला, तर तलावाची जागा मोकळी होते आणि रानाला ओल धरण्याची शक्ती येते. मात्र खोल काळ्या, चोपण जमिनीत चिकण गाळ टाकल्यास निचरा अधिकच मंदावतो; म्हणून गाळाचे व जमिनीचे परीक्षण आधी करून घ्यावे. शिवाय मोठ्या धरणातील पाण्याखालचा गाळ अशा रीतीने निघणे शक्य नाही. माझे स्पष्ट मत असे की, उपशावर जेवढे लक्ष दिले जाते, त्याहून अधिक लक्ष माती जागच्या जागी रोखण्यावर दिले पाहिजे.

त्याचे मार्ग शेतकरी बंधूंना अपरिचित नाहीत. वखरणी व पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत घ्यावी. कपाशी-तुरीत डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडाव्यात. भारी काळ्या जमिनीत मात्र सपाट बांध घालून पाणी कोंडू नये. बांधापाशी पीक पिवळे पडते आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. तेथे ढाळीचे बांध घालून जादा पाणी गवत राखलेल्या सांडव्यातून सोडावे. माथ्यावर सलग समतल चर, लहान ओघळींत अनघड दगडांचे बांध, आणि त्यानंतरच खाली नालाबांध, हा क्रम उलटा करू नये. माथा उघडा ठेवून बांधलेला नालाबांध थोड्याच वर्षांत गाळाने भरतो.

येथे एक रास्त शंका निघते. खर्च वरच्या गावाने करावयाचा आणि पाणी खालच्याने प्यावयाचे, हा न्याय कोणता? काटेपूर्णा वाशीम जिल्ह्यात उगम पावते, धरण अकोला जिल्ह्यात आहे. वरच्या शेतकऱ्याला ओल व सुपीक माती हा लाभ मिळतोच. परंतु तेवढ्यावर त्याची बोळवण करू नये. धरणाची देखभाल म्हणजे केवळ भिंत, दरवाजे व कालवे नव्हे. पाणलोटातील बंदिस्ती हाही त्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे, आणि आखणी जिल्ह्याच्या हद्दीने न करता पाणलोटाच्या हद्दीने झाली पाहिजे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून जलाशयांतील गाळाचे मापन करते. अशा मापनाचे आकडे वरच्या व खालच्या दोन्ही ग्रामसभांपुढे वाचले जावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी सूचना एवढीच की, पहिल्या जोरदार पावसानंतर शिवारातल्या नाल्यावर शेतकऱ्यांना घेऊन जावे आणि पाणी गढूळ कोठून होते, त्याचा माग उताराने वर वर काढावा. जेथे तो माग संपेल, तेथून कामास आरंभ करावा.