अभ्यासक्रमात नसलेला रुग्ण

१८८६ हे साल मराठी माणसाला आनंदीबाई जोशींमुळे ठाऊक असते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय उघडले, खास स्त्रिया आणि मुलांसाठी. दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच व्यथा होती. बायका दुखणे अंगावर काढत, प्रसंगी जीव गमावत, पण परपुरुष डॉक्टरपुढे जात नसत. अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी आपल्या प्रवासाचे हेच कारण सांगितले होते. बायकांनी लाज सोडून दवाखान्यात यावे, असा उपदेश करून त्या काळाला मोकळे होता आले असते. तसे न करता काही शहाण्या माणसांनी दवाखान्याचीच रीत बदलायला घेतली. रुग्ण दाराशी येऊन परत जात असेल, तर आधी दार तपासावे, हे आपल्या समाजाला तेव्हा उमगले होते.

यंदाचा आमचा दिवाळी अंक शुश्रूषा या विषयाला वाहिलेला आहे. परिचारिका, परिचारक, वॉर्डातल्या मावश्या, घरात वर्षानुवर्षे आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या लेकी-सुना या सगळ्यांविषयी वाचकांना पुढच्या पानांत वाचायला मिळेल. संपादकीयासाठी मात्र आम्ही त्यातला एकच प्रश्न निवडला आहे. तृतीयपंथी माणूस आजारी पडून रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरला त्याची शुश्रूषा कशी करायची, हे कोणी शिकवलेले असते का?

बहुतेक ठिकाणी नसते. आणि ही उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे, म्हणून हा विषय सणासुदीच्या अंकात, अगदी पहिल्या पानावर घेतला आहे.

२०११च्या जनगणनेत देशभरातल्या ४,८७,८०३ जणांची नोंद स्त्री-पुरुषांपलीकडच्या ‘इतर’ रकान्यात झाली. त्यातले ४०,८९१ महाराष्ट्रातले. ओळख लपवून जगणारे या आकड्यात येणार कसे? तेव्हा खरी संख्या याहून मोठीच धरायला हवी. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या ‘नालसा’ खटल्याचा निकाल दिला. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात बाजू मांडली होती. तृतीयपंथीयांना रुग्णालयांत नीट उपचार मिळतील अशी तजवीज करा, असे त्या निकालाने केंद्र आणि राज्य सरकारांना बजावले. पुढे २०१९ साली संसदेने कायदा केला आणि आरोग्यसेवा नाकारणे किंवा ती देताना भेदभाव करणे बेकायदा ठरवले. त्याच कायद्याच्या १५व्या कलमात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा, असेही सांगितले आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमाचा मात्र त्या ओळीत उल्लेख नाही.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण ज्याने रुग्णालयात चार रात्री काढल्या आहेत, त्याला विचारून पाहा. डॉक्टर राउंडला येतात, दोन-पाच मिनिटे थांबतात, पुढच्या खाटेकडे वळतात. उरलेल्या वेळात रुग्णाचा संबंध येतो तो सिस्टरशी. ताप तीच बघते, सलाईन तीच बदलते, लघवी किती झाली ते तीच लिहिते, मध्यरात्री कण्हणे तिलाच ऐकू जाते. तृतीयपंथी रुग्णाला रुग्णालय कसे वाटले, हे बऱ्याच अंशी तिच्या पहिल्या चार वाक्यांवर ठरते.

आता जरा वॉर्डात शिरू. केसपेपरवर ‘पु.’ आणि ‘स्त्री’ एवढेच दोन पर्याय. रुग्णाच्या अंगावर साडी, आधार कार्डावर पुरुषाचे नाव. खाट द्यायची कुठल्या वॉर्डात? पुरुषांच्या वॉर्डात दिली तर रात्रभर नजरा आणि शेरे. स्त्रियांच्या वॉर्डात दिली तर शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक भांडायला उठतात. निर्णय होत नाही तोवर स्ट्रेचर व्हरांड्यात. मग सहीला नातेवाईक आणा, असा आग्रह. रक्ताच्या नात्याने घराबाहेर काढून कित्येक वर्षे झालेली असतात. सोबत आलेली असते ती गुरू, नाहीतर चेला. तिच्या सहीला कोणी विचारत नाही. ड्युटी बदलताना हँडओव्हर दिला जातो, तेव्हा याच खाटेपाशी कोणीतरी हसते. ते हसू रुग्णाला ऐकू जाते. पुढच्या वेळी दुखणे विकोपाला गेल्याशिवाय तो माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

चांगली वागणूक एवढाच हा प्रश्न असता, तर एका व्याख्यानाने भागले असते. इथे ज्ञानाचाही प्रश्न आहे. लघवीची नळी घालण्याचे उदाहरण घ्या. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे काम लॅबमधल्या पुतळ्यावर शिकवतात. पुतळ्याला पुरुषाचा भाग लावता येतो, तो काढून स्त्रीचा लावता येतो. तिसरा भाग त्या पेटीत नसतो. हिजडा समाजात परंपरेने होणारे निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढून टाकणे, ज्यांचे झाले आहे, त्यांचे मूत्रद्वार पुतळ्यावर शिकलेल्या जागी नसते. जखम भरताना ते आकसून अरुंद झालेले असण्याचीही शक्यता असते. रात्री लघवी तुंबून तळमळणाऱ्या अशा रुग्णासमोर नेहमीच्या आकाराची नळी घेऊन उभी राहिलेली नवखी सिस्टर गोंधळली, तर दोष तिचा नाही. पडदा ओढून घ्यावा, आधी रुग्णालाच विचारावे, बारीक नळी हाताशी ठेवावी, अडथळा लागला तर जोर न करता डॉक्टरांना बोलवावे, एवढे तिला कोणी सांगितलेले असते, तर रुग्णाचे हाल आणि रक्तस्राव दोन्ही टळले असते.

हार्मोन्सचेही तसेच. वैद्यकीय सल्ला परवडत नाही किंवा मिळत नाही, म्हणून अनेक ट्रान्स स्त्रिया औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच्या मनाने भरमसाट घेतात. इस्ट्रोजेनमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. असा रुग्ण पाय मोडून खाटेवर पडून राहिला, तर पोटरी सुजली आहे का, दुखते का, हे सिस्टरने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. पण गोळ्यांविषयी विचारलेच नाही तर तिला कळणार कुठून? टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचे हिमोग्लोबिन वाढते. रिपोर्टवर बायकांसाठीचा आकडा छापला असेल, तर नसलेला आजार दिसू लागतो. छाती घट्ट बांधणाऱ्या ट्रान्स पुरुषाला दम लागला, तर बांधलेला पट्टा आधी सैल करावा लागतो. ज्याचे गर्भाशय शाबूत आहे, त्याला मिशा असल्या तरी पोटदुखीत गरोदरपणाची शक्यता तपासावीच लागते. उलट, लिंगबदल शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रीच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी सहसा राहिलेली असते, हे वयाच्या साठीत विसरून चालत नाही. शरीरात कोणते अवयव आहेत आणि कोणती औषधे चालू आहेत, हे शांतपणे, कारण सांगून विचारणे हेच इथले कौशल्य आहे. शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या, साध्या तापाने आलेल्या रुग्णाला मात्र कुतूहलापोटी तसले काहीही विचारू नये, हेही त्याच कौशल्याचा भाग.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आठ दिवस खाटेवर असलेल्या ट्रान्स स्त्रीची दाढी वाढते. भेटीच्या वेळी ती चादर नाकापर्यंत ओढून घेते. कोणी जवळ येऊन ‘ताई, रेझर आणून देऊ का?’ असे विचारले, तर तिला जे बरे वाटेल, ते औषधाच्या कुठल्या गोळीत नाही. अंघोळ घालणे, केस विंचरणे, तोंड धुणे ही कामे शुश्रूषेत पहिल्यापासून आहेतच. त्यांच्याच यादीत हे बसते.

शिकवण्याच्या बाबतीत डॉक्टरांकडे थोडी हालचाल झाली. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी एका निकालात वैद्यकीय अभ्यासक्रमातल्या पूर्वग्रहांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पुस्तकांतला अपमानकारक मजकूर सुधारण्याच्या सूचना काढल्या. तरीही २०२४ मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंधांना अनैसर्गिक गुन्हा म्हणणारी जुनीच वाक्ये परतली. ओरड झाल्यावर तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. एकदा पुसलेली ओळ पुन्हा उमटते, तेव्हा सतत लक्ष ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. परिचर्येसाठी २०२३ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. नव्या व्यवस्थेची घडी बसत असतानाच ही मागणी लावून धरायला हवी. परीक्षेत गुण असलेला, प्रात्यक्षिक असलेला धडा हवा. जे परीक्षेत येत नाही ते शिकवले जात नाही, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. आणि तो धडा शिकवायला तृतीयपंथी व्यक्तींना वर्गात बोलवावे, इतर पाहुण्या व्याख्यात्यांना देतो तेवढेच मानधन देऊन.

काही जण म्हणतील, वेगळे वॉर्ड काढा म्हणजे झाले. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा वॉर्ड सुरू झाला. ते पाऊल मोलाचे आहे. पण अपघात झालेला माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, आणि गडचिरोलीत किंवा माणगावात ताप आलेल्याला मुंबई परवडत नाही. समाजातल्या लोकांनीच चालवलेली ‘मित्र’ क्लिनिके हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात चांगले काम करत होती. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही बंद पडली. परदेशातल्या एका निर्णयाने कल्याणच्या रुग्णाचा आधार जातो, तेव्हा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला तयार करणे किती गरजेचे आहे, ते कळते. खाट कुठेही असो, ती सिस्टर तिथे असतेच.

तिच्यावर आणखी एक ओझे टाकतो आहोत, याची आम्हाला जाणीव आहे. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एक-दोन सिस्टर, खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या टाकलेल्या, आणि वर नोंदींचे कागद. अशा परिस्थितीत माणुसकीचे पाठ देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. म्हणून आमची मागणी तिच्याकडे नाही, तिला शिकवणाऱ्यांकडे आणि नेमणाऱ्यांकडे आहे. रिक्त पदे भरा. ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ हा प्रश्न केसपेपरवरच छापा. खाट कुठे द्यायची, सोबतीला कोणाला थांबू द्यायचे, याचा नियम मेट्रनच्या टेबलावर लेखी असू द्या. मध्यरात्री एकट्या मुलीला तो ठरवायला लावू नका.

आणि तृतीयपंथी व्यक्ती परिचर्येच्या गणवेशात दिसू द्या. तमिळनाडूने २०१९ मध्ये अन्बू रुबी यांना सरकारी सेवेत परिचारिका म्हणून नेमले. आपल्याकडे एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे, वसतिगृहे मुलामुलींची वेगळी. बारावी झालेल्या ट्रान्स मुलीने अर्ज करायचा कुठे आणि राहायचे कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारला एका आदेशाने देता येतील.

आमच्या वाचकांत नर्सिंग महाविद्यालयांचे विश्वस्त आहेत, प्राचार्य आहेत, कितीतरी सिस्टर आणि ब्रदर आहेत. विश्वस्त आणि प्राचार्यांना एकच विनंती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्ग भरतील, तेव्हा वेळापत्रकात या विषयाचे दोन तास घाला. परिचर्या आयोगाच्या आदेशाची वाट पाहू नका. आणि वॉर्डात काम करणाऱ्यांनी आपले अनुभव, अडचणी, सुचलेले उपाय आम्हाला लिहून पाठवावेत. ते आम्ही छापू आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवू.

सर्व वाचकांना, आणि सणाच्या रात्रीही ड्युटीवर असलेल्या प्रत्येक परिचारिकेला, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

— संपादक