दाढीचं मशीन बदलताना



दाढीच्या मशीनवर बाईनं लिहायला घेतलं म्हणजे तुम्ही म्हणाल, हिचे विषय संपले वाटतं. पण मला सांगा, आपल्या घरात हे मशीन आणतं कोण? पुरुष मंडळी घड्याळ स्वतः निवडतील, गाडीचा टायर बघायला दोन तास घालवतील. मशीन बिघडलं की मात्र "चालतंय की अजून" म्हणत चार महिने तेच गालावरून ओढत राहतील. मग गाल लाल झाला की क्रीम आपण शोधायचं आणि दिवाळीच्या खरेदीत मशीनही आपणच आणायचं. बरं, आणतो तेही कसं? दुकानदार जे पुढे ठेवील ते, नाहीतर मोबाईलवर ज्याला सवलत जास्त ते.

माझं मत आधीच सांगून टाकते. नवं मशीन घेताना मशीन बघू नका, त्याची पाती बघा. म्हणजे ती पाती तीन वर्षांनी आपल्या गावात किंवा घरपोच मिळणार आहेत का, ते बघा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आमच्याकडे ही वस्तू हौसेची नाही. ह्यांना स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाला साध्या रेझरनं कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी रेझर बंद करून विजेचं मशीन वापरायला सांगितलं. तुमच्याही घरात साठीच्या पुढचं कुणी या गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना हे एकदा जरूर विचारा. त्याआधी ब्रश आणि साबण होता. त्या ब्रशाचंही मला नेहमी खटकायचं, कारण चांगला म्हणून जो ब्रश विकतात तो बहुधा डुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांचा असतो. मी नायलॉनचा शोधून आणायची. साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात टॅलो लिहिलंय का, तेही वाचायची, कारण टॅलो म्हणजे प्राण्याची चरबी. कोरड्या मशीनमुळे ही दोन्ही कटकट एकदम गेली. ना साबण, ना ब्रश, पाणीही नाही.

तर ते मशीन आठ वर्षं चाललं आणि गेल्या महिन्यात त्याची जाळी फाटली. एक बॅटरी मध्ये बदलून झाली होती. बाजारातल्या रिपेअरवाल्यानं अडीचशे रुपयांत नवी बसवून दिली होती. मला वाटलं, तशीच जाळीही मिळेल. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ते मॉडेल बंद, जाळी येत नाही, नवीन मशीन घ्या. मोटर उत्तम, बॅटरी उत्तम, आणि कागदाहून पातळ एका पत्र्यासाठी अख्खी वस्तू टाकायची! मी बी.कॉम. आहे, घसारा काढायला शिकले आहे. पण चालू मोटरचा घसारा एका रात्रीत शंभर टक्के कसा होतो, ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

आता मशीनच्या जाती. मुख्य दोनच. एक जाळीचं, म्हणजे वर बारीक भोकांचा पत्रा आणि खाली डाव्या-उजव्या बाजूला हलणारी पाती. दुसरं गोल चकत्यांचं, ज्यात दोन किंवा तीन पाती गरगर फिरतात. दोन्ही जाती आपल्या सासूबाईंच्या वयाच्या आहेत. अमेरिकेत शिक नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्यानं १९३१ साली विजेचं मशीन बाजारात आणलं, फिलिप्सचं गोल पात्याचं १९३९ साली आलं आणि ब्राउनचं जाळीचं १९५० साली. म्हणजे मूळ युक्ती तीच आहे. डब्यावर दर वर्षी नवं नाव छापतात, त्याला फार भुलू नये.

कुठलं घ्यायचं, हे चेहऱ्यावर अवलंबून आहे, तसंच दाढी करण्याच्या रिवाजावरही. रोज दाढी करणाऱ्याला जाळीचं छान. दोन-तीन दिवसांनी करणाऱ्याचे केस लांबलेले असतात, ते जाळीच्या भोकात शिरत नाहीत, नुसते आडवे पडतात. त्यांना गोल पातं बरं. आमच्यासारख्या घरात याचा वेगळा विचार करावा लागतो. हे अष्टमी-चतुर्दशीला दाढी करत नाहीत, ते जाळीला चालतं, एका दिवसाचाच फरक. पण दशलक्षण पर्वात दहा दिवस हात लावत नाहीत. अनंत चतुर्दशी झाल्यावर ते मशीन थेट फिरवलं तर केस ओढले जातात आणि डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आधी ट्रिमरनं बारीक करून घ्यायचे, मग जाळी फिरवायची. पुष्कळ जाळीच्या मशीनला मागच्या बाजूला सरकवून उघडायचा छोटा ट्रिमर असतो. तुमच्याकडे असा नेम पाळत असतील तर तो आहे की नाही, एवढं दुकानात उघडून बघा.

ट्रिमरवरून आठवलं. सांगलीत मी चार दुकानं हिंडले. शेव्हर मागितला की तीन ठिकाणी समोर ट्रिमरच ठेवला. "काकू, एकच असतंय, हल्ली सगळे हेच घेतात." एकच नसतं बाळा! ट्रिमर केस आखूड करतो, खुंट ठेवतोच. तरुण पोरांना तशी दाढी हवी असते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला देवळात अभिषेकाला उभं राहायचं असतं, त्याला गाल गुळगुळीत हवा. डब्यावर मिलिमीटरचे आकडे आणि एकावर एक बसवायचे कंगवे दिसले की तो ट्रिमर समजा.

जाळीच्या बाजूनं माझं आणखी एक कारण आहे. मामंजी शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते. न्हावी आठवड्यातून एकदा यायचा, मधल्या दिवसांत मीच दाढी करायची. दुसऱ्याची दाढी करणं सोपं काम नाही बायांनो. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याची कातडी सैल असते. ती एका हातानं ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं मशीन सरळ वर न्यायचं. जाळीचं मशीन सरळ रेषेत चालतं, त्यामुळे मला जमलं. गोल पात्याचं मशीन गोल गोल फिरवावं लागतं, ते सैल कातडीवर मला कधी नीट जमलं नाही. पहिल्या दिवशी मामंजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. सुनेनं दाढी करायची, याचा त्यांना फार संकोच. पंधरा दिवसांनी स्वतःच हनुवटी वर करायचे. तेव्हापासून मी मानते, घरातल्या मशीनची निवड करताना पुढे कधी ते दुसऱ्याच्या हातात जाईल, हाही विचार करावा. अभद्र बोलते असं म्हणू नका. साठीनंतर हे सगळं हिशोबात धरावंच लागतं.

आणि हिशोबच काढायचा तर काढू. एक साधं मशीन २४०० रुपयांचं, त्याची पाती सुटी मिळत नाहीत. पाती दोन वर्षांत बोथट झाली की मशीन गेलं. म्हणजे वर्षाला १२०० रुपये. दुसरं ४८०० चं, त्याची पाती १५०० ला मिळतात. सहा वर्षं वापरलं तर मध्ये दोनदा पाती बदलायची, एकूण ७८००, वर्षाला १३००. फरक शंभर रुपयांचा, आणि कचरा एका मशीनचा, तीनचा नाही. तिसरं १८००० चं, सोबत धुण्याचं यंत्र. त्याची पाती दोनदा बदलून २५००० च्या घरात, वर्षाला चार हजारांच्या वर, शिवाय धुण्याच्या द्रवाच्या डब्या वेगळ्या. ते द्रव बहुधा मद्यार्काचं असतं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. आम्ही आमचं मशीन झटकून, ब्रशनं पुसून, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देऊन आठ वर्षं चालवलं. कुठल्या यंत्रानं काय वेगळं केलं असतं?

हे १८००० चं मशीन आमच्या मुलानं सुचवलं होतं. तो अमेरिकेत असतो. "आई, मी इथून पाठवतो, बाबांसाठी सगळ्यात भारी." मी नको म्हटलं. त्याला थोडं लागलं असावं, पण तिथल्या मॉडेलचा नंबर वेगळा, तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि पाती संपली की पुन्हा कुणीतरी येण्याची वाट बघायची. बापाच्या दाढीसाठी मुलाच्या सुट्टीची वाट बघायची, हे मला पटत नाही. मुलांना प्रेमानं काही पाठवायचं असेल तर त्यांनी इथे मिळणाऱ्या मशीनची जास्तीची पाती घेऊन द्यावीत. भेटीसारखी दिसत नाहीत, पण कामाला येतात.

बॅटरीचं थोडक्यात. जुन्या मशीनमध्ये निकेलची असे, चार्जिंगला आठ-आठ तास. आता लिथियमची असते, ती साधारण तासाभरात भरते. दोन्हींचा दाब वेगळा आहे, निकेलचा सेल १.२ व्होल्टचा आणि लिथियमचा ३.७ च्या आसपास. म्हणून रिपेअरवाला एकीच्या जागी दुसरी घालतो म्हणाला तर घालू देऊ नका. आणखी एक, पाण्याखाली धुता येणारी बरीच मशीन वायर लावलेली असताना चालतच नाहीत. शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. बिघडलं समजून परत करायला धावू नका. डब्यावर तयार केल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं तेही वाचा. दोन वर्षं गोदामात पडलेल्या मशीनची बॅटरी पडून पडून थकलेली असू शकते. यात्रेला नेणार असाल तर बटण कुलूपबंद करायची सोय बघा. शिखरजीला जाताना पारसनाथ येईपर्यंत आमच्या एका सोबत्याची बॅग घूं घूं करत होती आणि डब्यातले लोक तिच्यापासून लांब बसले होते!

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. जाळी फाटली त्या आठवड्यात हे म्हणाले, "अगं, आता नको नवं मशीन. बोटं आखडतात माझी. न्हाव्यालाच सांगू घरी यायला." ऐकायला किती सोयीचं वाटतं! पण मी मामंजींचं बघितलं आहे. आधी दाढी दुसऱ्याकडे गेली, मग सदऱ्याची बटणं, मग घास. तो क्रम मला आमच्या घरात इतक्या लवकर सुरू करायचा नव्हता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही दुकानात चला आणि हातात धरून बघा. एकही जमलं नाही तर न्हावी."

कुरकुरत आले. पहिलं मशीन गुळगुळीत चकचकीत, हातातून सटकलं. दुसऱ्याचं बटण इतकं घट्ट की दोन्ही अंगठे लावावे लागले. तिसरं जरा जाड, मुठीशी रबर लावलेलं, बटण मोठं. ते धरलं आणि बंदच गालावरून वर-खाली फिरवून बघितलं, आरशासारखं समोरच्या काचेत बघत. दुकानातला मुलगा हसला. मी त्याला विचारलं, याची जाळी आहे का दुकानात, आत्ता, दाखव. त्यानं आतून आणून दाखवली, म्हणून घेतलं. जाळीही एक सोबतच घेतली, पावतीवर मॉडेलचा नंबर लिहून घेतला आणि पावती औषधांच्या फायलीत लावली, कारण ती फाईल आमच्याकडे कधी हरवत नाही.

नव्या मशीनला पहिले दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, कातडीला सवय व्हायला वेळ लागतो. त्या काळात "जुनंच बरं होतं" हे वाक्य रोज ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नका. आमच्याकडे आज बारावा दिवस आहे आणि वाक्य अजून चालू आहे. जुनं मशीन मी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेलं नाही. त्यात बॅटरी आहे, ती घंटागाडीत चेपली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणारे लोक येतील तेव्हा जुन्या मोबाईलसोबत ते देईन. तोवर त्याचा छोटा ब्रश काढून घेतला आहे, मिक्सरच्या भांड्याच्या खाचा साफ करायला उत्तम आहे.