जग जवळ आले म्हणे!

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘विज्ञानाने जग जवळ आणले आहे’ या विषयावर मी अनुकूल बाजूने बोललो आणि उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवले. आज तेच भाषण पुन्हा कर म्हटले, तर माझ्याच्याने होणार नाही.

भाषणात मी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विमानप्रवासाचे उदाहरण दिले होते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. त्याला विमानाच्या वेगाने भागून मी मोकळा झालो होतो. पण विमान त्या दोऱ्यावरून थोडेच जाते? डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने ही सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी लांब, एकूण १५,३०० किलोमीटरांची. तरीही ती साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर सरली! कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहत असतात. अटलांटिकच्या वाटेने जाताना ते समोरून झेलावे लागतात, पॅसिफिकच्या वाटेने तेच पाठीशी असतात. भूगोलाच्या सरांनी हे वर्गात शिकवले होते म्हणे. त्या तासाला मी बहुधा कँटीनमध्ये असेन.

वाऱ्याचे एक बरे असते, तो कोणाचे पारपत्र पाहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपापले आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. अमेरिकेची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरवावी लागली. पृथ्वी तेवढीच, विमानही तेच. अंतर मात्र वाढले. असो.

हे सारे मी एरवी गंमत म्हणूनच लिहिले असते. परंतु माझा थोरला भाऊ सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे आणि चार वर्षांत तो घरी आलेला नाही. तिकिटाचे पैसे त्याच्याजवळ आहेत. पण व्हिसाची मुदत संपलेली. इकडे आल्यावर नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत जाता येत नाही, आणि तो केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. नोकरी गेली तर डोक्यावरच्या कर्जाचे काय? मग कसले जवळ आलेले जग घेऊन बसलो आहोत आपण? ज्याच्या हाती योग्य कागद आहे, त्याच्यापुरतेच ते जवळ आले आहे.

गेल्या श्रावणात आमची आजी गेली. दादाने तिचा तेरावा मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. हा विज्ञानाचा उपकार मी नाकारत नाही. पण आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिने मला विचारले होते, “दादाला यायला किती वेळ लागतो रे?”

मी भाषणाच्याच तोऱ्यात सांगितले, “दिल्लीपर्यंत सोळा-सतरा तास.”

“एवढेच ना? मग परवापर्यंत येईल की,” असे म्हणून तिने त्याची खोली झाडून घ्यायला सांगितली.